तीन वाजता जाग, पावणेसातला ट्रॅक: निद्रानाश आणि फिटनेस सांभाळण्याची वाट, पायरीपायरीने

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी पावणेसातला हजर असायचे, पण पाय माझे राहिले नव्हते. ज्या वेगाने पूर्वी गप्पा मारत पळायचे, त्याच वेगाला धाप लागत होती. मनगटावरचं घड्याळ नाडी १६४ दाखवायचं, एरवी तिथे १४८ असायची. रोज भेटणारे सत्तरीचे एक काका शेजारून जाताना म्हणाले, "ताई, डोळे लाल दिसतात. रात्री झोप झाली नाही का?" झाली नव्हती, आणि तो सलग चौथा महिना होता.

सुरुवात वडिलांच्या आजारपणात झाली. तीन आठवडे दवाखान्यात आळीपाळीने रात्री काढल्या. वडील बरे होऊन घरी आले, माझी झोप मात्र परतली नाही. अकराला डोळा लागायचा, तीनला टक्क जाग. मग मी सगळेच करतात ते केलं. झोपेची भरपाई म्हणून साडेनऊलाच अंथरुणात शिरू लागले, रविवारी दुपारी दोन-दोन तास आडवी होऊ लागले, ऑफिसात चहा वाढवला, आणि वजन चार किलो वाढलं म्हणून पळण्याच्या जोडीला जिम सुरू केली. घरात म्हणायचे, "दमव स्वतःला, झोप येईल." मी दमले, पण झोप आली नाही. यातल्या प्रत्येक उपायाने माझा निद्रानाश आणखी पक्का केला, हे कळायला चार महिने गेले.

आर्थर स्पिलमन या झोपेच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये याची मांडणी केली. कुणाची झोप मुळात सावध असते, मग एखादा प्रसंग ती उडवतो, आणि नंतर आपण झोप आणण्यासाठी जे करतो त्यावर निद्रानाश पोसला जातो. प्रसंग सरतो, सवयी उरतात. या सवयी मोडण्याच्या पद्धतीला सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती) म्हणतात. प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार हाच असावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. पुढच्या पायऱ्या त्याच पद्धतीच्या आहेत. व्यायामाचं गणित मात्र मला ट्रॅकवर धडपडत बसवावं लागलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

आधी ओळखा, हा निद्रानाशच आहे ना

रात्री एकपर्यंत मोबाइल बघायचा, सहाला उठायचं आणि दिवसभर पेंगायचं, याला निद्रानाश म्हणत नाहीत. तिथे झोपेला वेळच दिलेला नसतो. वेळ आहे, अंधार आहे, अंथरूण आहे आणि तरी झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आठवड्यातून किमान तीन रात्री हे घडतं, तीन महिने किंवा जास्त चालतं आणि दिवसाच्या कामावर परिणाम होतो, तेव्हा त्याला जुना निद्रानाश म्हणतात. तीन महिने व्हायची वाट बघत बसू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यातही या पायऱ्या लागू पडतात.

काही खुणा दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड होणं ही लक्षणं स्लीप ॲप्नियाची असू शकतात. ही तक्रार बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून त्यालाच विचारा. संध्याकाळी पायांत वळवळ होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील तर अस्वस्थ पायांचा त्रास असू शकतो. तिथे शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनच्या चाचणीने तपासतात. छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असेल तर थायरॉइड तपासून घ्या. चाळिशीनंतर आम्हा बायकांना रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, तेही स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावं. वय म्हणून सोसत राहू नये.

मन उदास राहत असेल, कशात रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय किंवा गरोदरपण असेल, तर खाली सांगितलेली झोपेची वेळ आवळण्याची पायरी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका. रात्री ट्रक किंवा बस चालवणाऱ्यांनी, उंचावर किंवा प्रेस मशीनवर काम करणाऱ्यांनीही नको.

शरीरात नेमकं काय बिघडतं

व्यायाम करणाऱ्याला हे समजलं की पुढची शिस्त पाळणं सोपं जातं. शिकागो विद्यापीठाचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला सगळ्यात जास्त पटला. जास्त वजनाच्या दहा जणांना दोन आठवडे मोजून कमी खायला दिलं. एकदा अंथरुणात साडेआठ तास, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी साधारण तीन किलोच उतरलं. पण पुरेशी झोप होती तेव्हा त्यातली १.४ किलो चरबी होती, आणि झोप तोडली तेव्हा चरबी जेमतेम ०.६ किलो. बाकीचं बहुतांश चरबी सोडून इतर वजनातून, म्हणजे स्नायू वगैरेंच्या खात्यातून गेलं. म्हणजे काट्यावर आकडा तोच, पण शरीर वेगळं. त्याच विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात बारा तरुण पुरुषांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक पेटवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. जागरणानंतर वडापावच्या गाडीपाशी पाय का अडखळतात, त्याचं उत्तर यात आहे.

दुखापतीचंही तसंच. खेळणाऱ्या शाळकरी मुलांच्या २०१४ मधल्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. वाढीचं संप्रेरक, ज्याच्यावर स्नायूंची डागडुजी बरीचशी चालते, ते मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत स्रवतं.

पण हे वाचून घाबरू नका. यातले प्रयोग बहुतेक निरोगी माणसांची झोप मुद्दाम तोडून केलेले आहेत. निद्रानाश असलेल्या माणसाला वाटतं त्यापेक्षा थोडी जास्त झोप बहुधा झालेली असते, आणि कमी वेळातही शरीर गाढ झोप आधी उरकून घेतं. एका वाईट रात्रीने ताकद फारशी घटत नाही. तेच काम जास्त जड वाटतं आणि दम लवकर तुटतो, एवढंच. घटतं ते आठवड्यांच्या हिशेबाने. म्हणून उपायही आठवड्यांच्या हिशेबानेच करायचे आहेत.

पहिली पायरी: झोपेची वही

दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त लिहा. शंभर पानी वही पुरते. सकाळी चहा घेताना पाच गोष्टी अंदाजाने टिपायच्या: अंथरुणात किती वाजता गेलो, झोप लागायला किती वेळ लागला, रात्री एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून बाहेर कधी आलो. शेजारी आदल्या दिवशीचा चहा, व्यायाम आणि दुपारची डुलकी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घड्याळ बघितलं की "आता साडेतीनच तास उरले" हा हिशेब सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही उडते. मी भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेलं आणि मोबाइल बैठकीत चार्जिंगला लावू लागले.

माझ्या वहीतलं एक पान अजून आठवतं. अंथरुणात दहाला, बाहेर साडेसहाला. म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं. प्रत्यक्ष झोप पाच तास चाळीस मिनिटं, म्हणजे ३४०. भागून शंभराने गुणलं की ६७ टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात, आणि ती ८५ च्या वर हवी. दोन आठवड्यांची सरासरीही माझी तेवढीच निघाली. मी रोज जवळजवळ तीन तास अंथरुणात जागं राहण्याचा सराव करत होते, हे त्या आकड्याने समजावलं.

मनगटावरच्या घड्याळाचा झोपेचा अहवाल मात्र या काळात बंद ठेवा. ही घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. निश्चल पडून जागे असलो तर ती त्यालाही झोप समजतात. सकाळी चांगलं वाटत असताना घड्याळाने "झोप खराब" म्हटलं की दिवस उगाच बिघडतो.

दुसरी पायरी: उठायची वेळ पक्की

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून सुरुवात सकाळपासून. मी सहा ठरवली. रात्री दोन तास झोप झाली असो की सात, रविवार असो की दिवाळीची सुट्टी, सहाला पाय जमिनीवर.

उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरचा उजेड डोळ्यांना मिळायला हवा. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. (पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं त्याच्या शोधालाच २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.) नाशिकला जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो. तेव्हा हिवाळ्यात सहाला उठून घरातली कामं आवरा आणि सातला बाहेर पडा. ट्यूबलाइट या कामी पुरत नाही. ढगाळ आषाढातसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कैक पट असतो. गंगापूर रोडवरून नुसती वीस मिनिटांची फेरी मारली तरी चालेल, गॉगल न लावता.

तिसरी पायरी: अंथरुणातला वेळ आवळणे

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि सगळ्यात गुणकारीही हीच. सरासरी जेवढी झोप होते, जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा. माझी सरासरी पाच तास चाळीस मिनिटं, म्हणून मी सहा तास धरले: रात्री बारा ते सकाळी सहा. बाराच्या आधी पाठ टेकायची नाही. सरासरी चार तास निघाली तरी साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका.

कारण साधं आहे. जितका वेळ जागे राहू तितका झोपेचा दाब वाढतो, जशी उपाशी राहिल्यावर भूक. साडेनऊला आडवं होणं म्हणजे जेवणाआधी फरसाण खाऊन बसणं. दाब पुरता साठला की झोप लवकर लागते, सलग होते, आणि अंथरूण म्हणजे झोप ही मोडलेली जोडी पुन्हा जुळते.

आठवडा संपला की वहीवरून आकडा काढा. ८५ च्या वर असेल तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच चालू ठेवा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं पलीकडे ढकला. माझा पहिला आठवडा ८२ टक्के, म्हणून बारा कायम. दुसरा ८९, म्हणून पावणेबारा. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं. सहाव्या आठवड्यात मी अकराला झोपत होते आणि सात तासांतले सहा तास दहा मिनिटं झोपत होते. तोंडी लावायला एखादी वाईट रात्र होतीच, पण सरासरी धरून होती.

पहिले दहा दिवस कठीण जातात, हे आधीच घरच्यांना सांगा. साडेदहाला सोफ्यावर डोळे मिटू लागतात. मी उभी राहून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायचे, इस्त्री करायचे. सासूबाई आधी हैराण झाल्या. "अगं, झोप येत नाही म्हणतेस आणि झोप आली की उभी राहतेस?" त्यांना वही दाखवली, दाबाचं समजावलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच मला साडेदहाला हाक मारून उठवायच्या.

या दहा-पंधरा दिवसांत मुंबई-आग्रा हायवेवर दुचाकी नको, कसारा घाटात गाडी हाती घ्यायची नाही, पहाटेची सायकल नको. मी ऑफिसला रिक्षाने गेले. खर्च झाला, पण त्यात तडजोड नको.

चौथी पायरी: जाग आली की उठायचं

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा नियम. साधारण वीस मिनिटं झाली असावीत असं वाटलं, किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, की अंथरूण सोडा. मंद दिव्यात, कंटाळवाणं, हाताचं काम करा. डोळे जड झाले की परत या. पुन्हा झोप नाही लागली तर पुन्हा उठा. रात्रीत चारदा झालं तरी चालेल.

आमचं घर दोन खोल्यांचं, वेगळी खोली नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सतरंजी टाकून ठेवली होती, शेजारी लसणाची टोपली आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग. तीन वाजता उठून पाकळ्या सोलायच्या. नखात साल जाते, बोटं चिकट होतात, लांब नाशिकरोडच्या बाजूने मालगाडीचा आवाज येतो, आणि मन हळूहळू झोपेवरून उतरतं. पहिल्या आठवड्यात वाटी भरून लसूण निघायचा. चौथ्या आठवड्यात पाच-सहा पाकळ्यांतच मान कलायची.

मोबाइल, टीव्ही, ऑफिसची मेल, भांडी घासणं, यातलं काही नको. अंथरुणात जेवण, हिशेब, वादविवाद नको. आणि दुपारची झोप या सहा आठवड्यांत बंद. अगदीच चक्कर येईल असं वाटलं तर तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून.

पाचवी पायरी: व्यायाम, कमी करून चालू ठेवणे

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. झोप नाही, म्हणून दम नाही, म्हणून वजन वाढतंय, म्हणून जास्त व्यायाम. जिममधल्या प्रशिक्षकाने पहाटे पाचची बॅच सुचवली. त्यासाठी साडेचारला उठायचे, म्हणजे उरलेली झोपही कापायचे. दोन महिन्यांत उजव्या पायाची पोटरी धरली आणि काही दिवस पळणंच बंद पडलं.

व्यायाम सोडायचा नाही. नियमित व्यायामाने झोप सुधारते, पण त्याला काही आठवडे लागतात, एका संध्याकाळच्या दमणुकीने ते होत नाही. मी पुढचा हिशेब बसवला, आणि तो माझ्या ओळखीच्या आणखी काही पळणाऱ्यांनाही मानवला.

एकच रात्र वाईट गेली असेल तर ठरलेला व्यायाम करा, फक्त वेग किंवा वजन एक पायरी खाली. ओळीने दोन-तीन रात्री वाईट गेल्या तर जोराच्या धावा, चढाच्या फेऱ्या, जड डेडलिफ्ट सगळं बंद. तीस-चाळीस मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा आणि वहीत लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर तो दिवस चालण्याचाच. झोप आवळण्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत एकूण व्यायाम एक तृतीयांशाने कमी करा. मी आठवड्याला ३० किलोमीटर पळायचे, ते २० वर आणले, आणि शर्यतीचं नाव मागे घेतलं. जीव तुटला, पण घेतलं.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा ठेवाच. आधी सांगितलेल्या प्रयोगात चरबीऐवजी स्नायूंसारखं वजन गेलं होतं, स्नायू राखायचे तर उठाबशा, पुशअप, डंबेल हवेत. सेट कमी, पण व्यायाम नियमित. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांतलं काही तरी. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ती नुसत्या झपझप चालण्यानेही पुरी होते.

वेळेचं म्हणाल तर सकाळचा उजेडातला व्यायाम उत्तम, कारण दोन कामं एकत्र होतात. संध्याकाळीच जमत असेल तर जोराचा व्यायाम झोपेच्या दोन-तीन तास आधी संपवा. रात्री साडेनऊला जिममधून घामेजून यायचं आणि अकराला झोप मागायची, हे जमत नाही. अंग तापलेलं असतं, आणि झोप लागायला शरीराचं तापमान उतरावं लागतं. याच कारणाने झोपण्याच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली तर काहींना लवकर झोप लागते. त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि आतलं अंग थंड होतं.

पांडवलेणीच्या पायऱ्या अनेकांचा आवडता व्यायाम. चढताना काही होत नाही, उतरताना होतं. झोप अपुरी असली की पाऊल अंदाजापेक्षा उशिरा पडतं. तेव्हा त्या आठवड्यांत पायऱ्या टाळा, सपाटीवर राहा.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे सायकलचं वारं आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण अशा शर्यतीतलं जागरण मोजक्या दिवसांचं, सोबतच्या पथकाच्या देखरेखीखालचं आणि तयारीनिशी केलेलं असतं. चार तास झोपून रोज गंगापूर धरणापर्यंत सायकल मारणं हा त्याचा सराव नव्हे.

चहा, जेवण आणि ग्लास

कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातला निम्मा रात्री अकराला अंगातच असतो. वहीत चहा मोजला तेव्हा माझे दिवसाला सात निघाले, त्यातले तीन दुपारी चारनंतरचे. दुपारी दोननंतर बंद केला. टपरीवर सगळ्यांबरोबर उभं राहायचं असेल तर लिंबू सरबत घ्या, माणसं तुटत नाहीत. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींच्या एका चमच्यात बहुधा दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे चार-पाच कप चहाएवढं. संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांनी ती पूर्ण सोडावी.

आपलं गाव वाईनचं, त्यामुळे "झोपेसाठी एक ग्लास" हा सल्ला सर्रास मिळतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि घोरणं वाढतं. तीनला जाग येणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. जेवण झोपेच्या तीन तास आधी, हलकं. रविवारची मिसळ सकाळीच ठेवा.

डोक्यातला गलबला

संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं एक कागद घेऊन बसा. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला तिच्यासाठी उद्या करायची एकच गोष्ट. "वडिलांचा रिपोर्ट" समोर "सोमवारी अकराला फोन". ज्याला उपाय नाही त्याच्यासमोर रेघ. रात्री तीच काळजी आली की तिला सांगायचं, तुझं नाव कागदावर आहे. साधी गोष्ट आहे, पण तीनच्या अंधारात तिचा आधार वाटतो.

"आज झोपले नाही तर उद्या सगळं कोसळेल" हा विचार वहीवर तपासून बघा. मी मागची पानं चाळली. चार तास झोपलेल्या अकरा दिवसांत एकदाही ऑफिस बुडालं नव्हतं, दोन दिवस तर बरे गेले होते. योगनिद्रा किंवा संथ श्वास जरूर करा, पण विश्रांतीसाठी. "याने झोप येतेय का" असं तपासत केलं की ते उलटतं.

फिरत्या पाळीवाल्यांसाठी आणि बागायतदारांसाठी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांना उठायची वेळ पक्की करता येत नाही. त्यांनी सगळ्या पाळ्यांत सामाईक असे निदान चार तास झोपेचे धरून ठेवावेत, उरलेली झोप मागेपुढे. रात्रपाळी सुटली की गडद गॉगल लावून घरी, पण दुचाकीवर नको. बसमध्ये किंवा कुणाच्या मागे बसून. खोलीला जाड काळा पडदा, दारावरची बेल बंद. रात्रपाळीला जाण्याआधी दीड तासाची झोप काढून निघा. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच. जड व्यायाम सुट्टीच्या दिवशी किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना रात्री वीज आली की मोटार चालू करायला उठावंच लागतं. गोडी छाटणीनंतर फवारण्यांच्या दिवसांत तर झोपेचे तुकडेच पडतात. ही अपुरी झोप आहे, निद्रानाश नव्हे, त्यावर अंथरुणातला वेळ आवळू नका. उलट दुपारी दीड तास हक्काने झोपा आणि मोटारीची रात्र घरात वाटून घ्या.

गोळ्यांबद्दल

शेजारच्या काकूंची गोळी अर्धी तोडून घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या औषधांची सवय लागते. झोल्पिडेम घेऊन झोपेतच चालण्याचे, गाडी चालवण्याचे प्रकार घडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. पण महिनोन्महिने घेत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. झोप उलटून उडते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवतात, आणि वरच्या पायऱ्या त्या उतरंडीबरोबर चालू ठेवता येतात. सहा-आठ आठवडे नेटाने करूनही फरक नसेल तर मनोविकारतज्ज्ञ किंवा झोपेचे तज्ज्ञ गाठा, वही बरोबर घेऊन. पहिल्या भेटीतले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

माझं पळणं दहाव्या आठवड्यात रुळावर आलं. पूर्वीच्याच वेगाला नाडी १५० वर आली, चारपैकी तीन किलो उतरले, आणि ट्रॅकवरच्या काकांनी काही न विचारता नुसता हात वर केला. गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या धावपळीत पुन्हा ओळीने तीन रात्री तीनला जाग आली. रविवारची सोळा किलोमीटरची धाव सोडली, दुपारी आडवी झाले नाही, रात्री बाराला पाठ टेकली आणि सहाला उठले. चौथ्या रात्रीही जाग आली. ओट्याखाली सतरंजी टाकली, टोपली ओढली. सातव्या पाकळीला डोळे जड झाले, हात धुतले आणि आत गेले.